पिर्लोला दहा नंबरवरून मागे कुणी आणलं, आणि तो तिथे टिकला कसा?

उजवा_बॅक

16 वर्षांखालच्या संघात एक मुलगा दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, खेळतो. पहिला टच मऊ, दोन्ही बाजूंना लांब पास देतो, पण पाठीवर माणूस आला की चेंडू गेलाच. धावायला बेताचा. जो तो सांगतो, "त्याला पिर्लोसारखा (इटलीचा मिडफिल्डर) मागे घे." तीन सामने घेतला. चेंडू भरपूर मिळाला त्याला, पण मधला पट्टा उघडा पडला आणि गोल तिथूनच बसले.

म्हणून विचारतो. पिर्लोला मागे नेमकं कधी, कुणी आणि कशासाठी आणलं? इंटर क्लबमध्ये का जमलं नाही? मागे आल्यावर त्याच्या आजूबाजूला कोण उभं असायचं? आणि प्रतिस्पर्धी त्याला बंद कसं करायचे? फ्री किकचं कुणाला नीट ठाऊक असेल तर तेही लिहा. "तो जिनियस होता" एवढं सोडून काहीही चालेल.

चिखलातला_चेंडू

आधी क्रम नीट लावून घेऊ, कारण "मिलानचा प्रशिक्षक अँचेलोत्तीनं मागे आणला" हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे.

जन्म 19 मे 1979, ब्रेशियाजवळच्या फ्लेरोचा. ब्रेशियाकडून सेरी आमध्ये (इटलीच्या वरच्या लीगमध्ये) उतरला मे 1995 मध्ये, सोळावं नुकतंच पूर्ण झालं होतं. तेव्हा तो त्रेक्वार्तिस्ता, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे मोकळा फिरणारा दहा नंबर. 1998 मध्ये इंटरनं घेतला. त्या एका मोसमात इंटरचे चार प्रशिक्षक झाले: सिमोनी, लुचेस्कू, कास्तेलिनी, हॉजसन. एकोणीस वर्षांच्या पोरानं बस्तान बसवायचं कुठे? वर दहा नंबरच्या जागेसाठी रॉबर्टो बाज्जो त्याच क्लबात.

1999-2000 मध्ये रेजिनाला उसना गेला. नव्यानं वर आलेला क्लब, त्यामुळे रोज खेळायला मिळालं. पुढच्याच उन्हाळ्यात 21 वर्षांखालील युरो स्पर्धा इटलीनं जिंकली. कर्णधार हाच, अंतिम सामन्यात चेक संघाविरुद्ध 2-1, दोन्ही गोल याचेच. हे अशासाठी सांगतोय की दहा नंबर म्हणून तो फसला होता असं समजू नका. त्या वयोगटात युरोपातला सगळ्यात चांगला दहा नंबर होता तो.

इंटरला परत आला, पुन्हा बाकावर. जानेवारी 2001 मध्ये पुन्हा ब्रेशियाला उसना. प्रशिक्षक कार्लो मात्सोने. आणि दहाच्या जागेवर कोण? परत बाज्जोच, तो इंटर सोडून तिथे आला होता. मात्सोनेपुढे दोन वाटा होत्या, एकाला बसवायचं किंवा एकाला मागे न्यायचं. त्यानं पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात उभा केला. धावण्यात कमी पडतो म्हणून नाही, जागा भरलेली होती म्हणून.

1 एप्रिल 2001, युव्हेंटस विरुद्ध ब्रेशिया, तुरिन. 86वं मिनिट, युव्हेंटस 1-0 पुढे. पिर्लो मधल्या वर्तुळाच्या आसपास, तोंड गोलकडे, अंगावर कुणी नाही. चेंडू थेट बचावफळीच्या डोक्यावरून. बाज्जो खांद्यावरून येणारा चेंडू धावता धावता पायावर झेलतो, त्याच टचमध्ये गोलकीपर फान देर सारला बाहेर काढतो आणि रिकाम्या गोलमध्ये ढकलतो. सामना 1-1. लोक बाज्जोचा टच बघतात. तुम्ही चेंडू पिर्लोच्या पायातून निघण्याआधीचे दोन सेकंद बघा. दहा नंबरला खेळत असता तर त्या जागी तोंड आपल्याच गोलकडे आणि पाठीवर स्टॉपर (मधला बचावपटू) असता.

त्या उसन्या काळात लीगचे 10च सामने खेळला, मग पाय मोडला. पण मिलानला जे बघायचं ते बघून झालं होतं. 2001 च्या उन्हाळ्यात तिकडे गेला. शरद ऋतूत ब्रेशियानं मोकळ्या झालेल्या जागी कुणाला आणलं माहितीये? ग्वार्दिओलाला.

बालेवाडी_पूर्व_स्टँड

मध्येच घुसतो. रेजिनाचा त्या मोसमाचा प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा. तोच 2014 मध्ये पहिल्या आयएसएलला एफसी पुणे सिटीचा प्रशिक्षक होता. पिर्लोला रोज सेरी आमध्ये खेळवणारा पहिला माणूस बालेवाडीच्या डगआउटमध्ये उभा होता आणि आपण सगळे स्ट्रायकर त्रेझेगे कधी उतरतो ते बघत होतो. असो, चालू द्या.

तिसरा_मिडफिल्डर

मिलानचा भाग मी लिहितो, कारण उजवा_बॅक यांचा खरा प्रश्न तिथे आहे.

2001 मध्ये मिलाननं रुई कोस्तालाही घेतलं. म्हणजे दहाची जागा तिसऱ्यांदा भरलेली! सुरुवातीला फातिह तेरिम होता, नोव्हेंबरपासून अँचेलोत्ती. पहिला मोसम पिर्लोचा असातसाच गेला. 2002 मध्ये सीडॉर्फ आला (तोही इंटरकडूनच, शेजाऱ्यानं दोन वर्षांत दोन मिडफिल्डर दिले, त्यांच्यावर मिलाननं दोन युरोपियन कप उचलले). मग अँचेलोत्तीनं चौकटचा एक्का मांडला, 4-3-1-2. सगळ्यात मागे पिर्लो, उजवीकडे गात्तुसो, डावीकडे सीडॉर्फ, टोकाला रुई कोस्ता, नंतरच्या मोसमांत काका.

या जागेला इटालियनमध्ये रेजिस्ता म्हणतात, शब्दशः दिग्दर्शक. पण नावावर जाऊ नका, कामाची वाटणी बघा.

गात्तुसो नुसता धावत नव्हता. चेंडू गमावला की पहिल्या तीन-चार सेकंदांत पिर्लोच्या उजव्या हाताची जागा तो भरायचा. पिर्लोला टॅकल करायला जावंच लागायचं नाही. त्यानं फक्त मधली गल्ली अडवून उभं राहायचं, म्हणजे समोरच्यानं पास बाहेर द्यावा. बाहेर गात्तुसो किंवा फुलबॅक वाट बघत असायचा. सीडॉर्फचं काम वेगळं. पिर्लोवर कुणी चढला की डावीकडे सुटण्याची दुसरी वाट म्हणजे सीडॉर्फ, कारण तो पाठीवर माणूस घेऊन चेंडू राखायचा. तुमचा पोरगा जे करू शकत नाही ते करणारा माणूस त्याच्या शेजारी हवा.

तुमच्या तीन सामन्यांत काय झालं असेल याचा अंदाज सांगतो. तुम्ही 4-4-2 किंवा 4-2-3-1 तसंच ठेवून त्या मुलाला मागच्या दोघांपैकी एक केलं असणार. मग त्याच्या वाट्याला मैदानाची अर्धी रुंदी येते. मैदान 60 मीटर रुंद धरलं तर एकट्यानं 30 मीटर झाकायचे. तिघांत वाटले तर 20, आणि मधल्याला त्यातही कमी, कारण दोघे बाजूचे आत सरकतात. मुलगा तोच, जमीन दीडपट किंवा त्याहून जास्त असा फरक पडतो. चौकट मांडायची नसेल तर 4-3-3 करा, पण बाजूचे दोघेही मिडफिल्डर पळणारे हवेत. एक पळणारा आणि एक दुसरा कलाकार असं चालणार नाही.

सरावात एवढं करा. 12 बाय 12 मीटरचा चौकोन, बाहेर चौघे, आत हा मुलगा आणि दोन चेंडू हिसकावणारे. आतल्यानं चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून एकदा मागे बघायचं. न बघता घेतला तर गुण नाही. चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे डावीकडून आला तर उजव्यावर, अंग अर्धं वळलेलं. चार मिनिटं, मग दीड मिनिट थांबायचं, असे पाच वेळा. यात हमखास चूक होते ती अशी: मुलं चेंडू पायाशी आल्यावर मान वळवतात. तोवर उशीर झालेला असतो. पास देणाऱ्यानं पाय मागे घेतला, चेंडू अजून निघाला नाही, ती बघायची वेळ. 2006 च्या विश्वचषकाचा कुठलाही सामना लावा आणि फक्त पिर्लोची मान बघा.

उजवा_बॅक

बरोबर ओळखलंत, 4-4-2 च होतं. 30 मीटरचा हिशेब डोक्यात आलाच नव्हता. पण मग अशी व्यवस्था असूनही त्याला बंद करणारे निघालेच ना?

मार्किंग_सोडू_नका

निघाले. दोन उदाहरणं पुरतील, दोन्ही वेगळ्या तऱ्हेची.

पहिलं 2010, चॅम्पियन्स लीग, मिलान विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. युनायटेडचा प्रशिक्षक फर्ग्युसननं पार्क जी-सुंगला पिर्लोवर सोडला. चेंडू कुठेही असो, पार्क पिर्लोजवळ. सान सिरोवर युनायटेड 3-2, ओल्ड ट्रॅफर्डवर 4-0, त्यात पार्कचाही एक गोल. पण नुसतं "पार्कनं खाल्ला" म्हणून सोडू नका. प्रशिक्षक लिओनार्दोचं ते मिलान 4-3-3 खेळत होतं आणि पुढच्या तिघांत रोनाल्डिन्हो होता, जो चेंडू गेल्यावर परत येत नसे. 2003 ला पिर्लो अडला तर सीडॉर्फ, रुई कोस्ता, गात्तुसो अशा तीन वाटा होत्या. इथे मार्करनं एक माणूस झाकला आणि अख्खं घर अंधारात.

दुसरं 2013, बायर्न विरुद्ध युव्हेंटस. इथे एकाला नेमलं नव्हतं. चेंडू युव्हेंटसचा बचावपटू बोनुच्चीकडे असतानाच बायर्नचा स्ट्रायकर मांजुकिच मागे सरकून पिर्लोसमोरची गल्ली बंद करायचा आणि मागून दुसरा चढायचा. पास मिळाला तरी तोंड वळवायला वेळ नाही. दोन्ही सामने 2-0. हा उपाय जास्त घातक, कारण पिर्लो मार्करला घेऊन इकडेतिकडे फिरला तरी जागा सुटत नाही.

युव्हेंटसनं सेरी आमध्ये यावर तोड काढली होती. प्रशिक्षक कोन्तेच्या 3-5-2 मध्ये पिर्लोवर माणूस लागला की तो मुद्दाम बाजूला चालत जायचा, मार्कर त्याच्यामागे. मधे पडलेल्या भगदाडातून बोनुच्ची थेट लांब पास द्यायचा किंवा विदाल-मार्किसियो आत धावायचे. म्हणजे बचावफळीत दुसरा पासर हवा. तुमच्या स्टॉपरला 30 मीटरचा सरळ पास येत नसेल तर समोरचा प्रशिक्षक पंधरा मिनिटांत ओळखेल आणि तुमच्या पोरावर एक कुत्रा सोडेल.

उलट उदाहरणही बघा. युरो 2012, इंग्लंड विरुद्ध इटली, कीव, 24 जून. इंग्लंडनं त्याच्यावर कुणीच लावला नाही. दोन तास तो टेबल मांडून बसल्यासारखा खेळला. 0-0, मग पेनल्टी. मोंतोलिवोची वाया गेलेली, इंग्लंड 2-1 पुढे, आणि पिर्लोनं गोलकीपर हार्टला उडी मारू देऊन चेंडू अलगद मधोमध टाकला. पुढची यंगची बारवर, कोलची बुफॉननं अडवली, इटली 4-2.

चिखलातला_चेंडू

मार्किंग_सोडू_नका, सहमत, पण एक राहिलं. 2010-11 मध्ये त्याच मिलानमध्ये नवा प्रशिक्षक अलेग्रीनं त्या जागेवर वेगळा माणूस मागितला. जानेवारीत फान बोमेल आला, आधी झाकणारा आणि मग पास देणारा. पिर्लो दुखापतींतही अडकला, लीगचे 17 सामने फक्त. आणि मिलान चॅम्पियन झालं! म्हणजे अलेग्री चुकला असंही म्हणता येत नाही. त्याच्याकडे पुढे इब्राहिमोविच होता, चेंडू मधून न नेताही गोल व्हायचे. बिनरेजिस्ताचा संघही जिंकतो हे ध्यानात ठेवा. हे सोंग सगळ्यांनी घ्यायलाच हवं असं नाही.

करार संपला, पिर्लो फुकटात युव्हेंटसला. पुढचा मोसम (2011-12) युव्हेंटसनं एकही लीग सामना न हरता जिंकला, सर्वाधिक गोलपास पिर्लोचे, 13. नव्या स्टेडियमवरच्या पहिल्याच लीग सामन्यात, पार्माविरुद्ध, लिश्टस्टायनरला दिलेला पास शोधून बघा. बचावफळीच्या मागे चमच्यानं वाढल्यासारखा ठेवलाय. मग सलग चार विजेतेपदं. वय 32 ते 36. पळणं कमी झालं, पण पळण्यावर पोट नव्हतंच.

डी_च्या_टोकावर

फ्री किक माझ्याकडे.

सेरी आमध्ये त्याचे थेट फ्री किकवरचे गोल 26. मिहायलोविचचे 28. पण पिर्लोच्या दोन वेगळ्या किक होत्या आणि लोक त्यांची खिचडी करतात.

एक, साधी वळणारी. पायाच्या आतल्या कडेनं, भिंतीवरून, जवळच्या किंवा लांबच्या कोपऱ्यात. दुसरी, जिला तिथे "मालेदेत्ता" म्हणजे शापित म्हणतात. ही त्यानं ल्योंच्या जुनिन्योचे व्हिडिओ घोटून उचलली. यात चेंडू जवळजवळ फिरत नाही, भिंत ओलांडून हवेत डगमगतो आणि अचानक पडतो. त्याच्याच सांगण्यानुसार चेंडूच्या खालून, फक्त तीन बोटांनी, पाय शक्य तितका सरळ ठेवून.

हिशेब बघा. भिंत 9.15 मीटरवर, बार 2.44 मीटर. 22 मीटरवरून मारताय, भिंतीतली मुलं उडी मारून सव्वादोन मीटरपर्यंत जातात. म्हणजे चेंडू 9 मीटरवर त्यांच्या डोक्यावरून गेला पाहिजे आणि उरलेल्या 13 मीटरमध्ये बारखाली उतरला पाहिजे. चेंडूचा सगळ्यात उंच बिंदू भिंतीच्या थोडा पलीकडे हवा. मुलांचा उंच बिंदू गोलजवळ जातो, म्हणून सगळं बारवरून.

का जातो? मारताना अंग मागे झुकतं. टेकायचा पाय चेंडूच्या मागे राहतो. तो चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर हवा, अंगठा लक्ष्याकडे. डोकं चेंडूवर. धाव तीन ते पाच पावलांची, पिर्लोही लांब धाव घेत नसे. न फिरणाऱ्या किकला घोटा घट्ट, आणि चेंडू सुटताच पाय आखडता घ्यायचा. पाय पूर्ण फिरवला की चेंडूला फिरकी बसते आणि डगमग गेली. चेंडू फिरला की नाही ते कळायला त्यावर मार्करनं एक जाड रेघ काढा. रेघ हवेत स्पष्ट दिसत राहिली तर बरोबर, पुसट झाली तर फिरतोय.

16 वर्षांच्या मुलाला शापित शिकवू नका आधी. वळणारी शिकवा. भिंतीऐवजी दोन बांबूंना दोरी, जमिनीपासून 2.2 मीटर. 18 मीटरवरून सुरुवात, आठवड्यात तीनदा, दर वेळी 20 किक, त्याहून जास्त नाही. दमल्यावर मांडी सैल पडते, अंग मागे जातं आणि चुकीची सवय पक्की होते. जांघेत ओढ बसते ती वेगळीच. चेंडू पाच नंबरचा, हवा नियमात 0.6 ते 1.1 ॲटमॉस्फिअर आहे, तुम्ही 0.8 च्या आसपास ठेवा. आपल्याकडे दगडासारखा फुगवतात, मग बोटं दुखतात म्हणून पोरं टाचेकडच्या भागानं मारायला लागतात.

बघायच्या किक: युरो 2012 क्रोएशियाविरुद्ध, कॉन्फेडरेशन्स कप 2013 माराकानावर मेक्सिकोविरुद्ध (इटलीसाठी शंभरावा सामना), आणि मार्च 2014 मध्ये पाच दिवसांत जेनोआ आणि फिओरेंतिनाविरुद्धच्या दोन. 2014 च्या विश्वचषकात मानाउसला इंग्लंडविरुद्ध शेवटी बारवर आदळलेली पण बघा. चुकलेली असून डगमग त्यात सगळ्यात छान दिसते.

उजवा_बॅक

भरपूर मिळालं. शेवटचं एकच. हा मुलगा मागे बसला की पुढे गोलजवळ जातच नाही. सगळे पास 40 मीटरवरून. पिर्लो पुढे कधी जायचा?

तिसरा_मिडफिल्डर

चेंडू दुसऱ्यांदा बाहेर आला की. 2006, डॉर्टमुंड, जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना, 119वं मिनिट. देल पिएरोचा कॉर्नर जर्मन बचावानं बाहेर काढला. पिर्लो डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेर थांबलेला, आत गर्दीत नाही. चेंडू घेतला, पण मारला नाही. डीच्या कडेनं उजवीकडे सरकत राहिला, तीन-चार टच, नजर गोलवर. प्रत्येक टचला एक जर्मन त्याच्याकडे ओढला जातोय, कारण तो मारणार असं सगळ्यांना वाटतंय. मग त्याच नजरेनं, न बघता, आत ग्रोस्सोला सरकवला. ग्रोस्सोनं डाव्या पायानं पहिल्याच टचला लांबच्या कोपऱ्यात घातला.

तेव्हा मुलाला सांगा, आपल्या कॉर्नरला आणि फ्री किकला डीपासून 3-4 मीटर बाहेर, मधोमध उभं राहायचं. त्याच्या मागे दोन बचावपटू ठेवा, म्हणजे तिथे चेंडू गेला तरी पळापळ नाही. बाहेर आलेला चेंडू लगेच मारायचा नाही, आधी एक टच बाजूला. सरावात कॉर्नर झाल्यावर खेळ थांबवता का तुम्ही? थांबवू नका. पुढचे दहा सेकंद खेळू द्या, पिर्लोचं काम त्या दहा सेकंदांत असायचं.

मार्किंग_सोडू_नका

आणि त्या दोन बचावपटूंपैकी एक तरी गात्तुसो असू द्या.